बाकावरची तपकिरी हॅट

थिओडोसिया लिस्कॉम पुढे ऐंशीच्या घरात गेली, कानांनी अधू झाली, सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरू लागली. पण त्या माळ्याचा वास तिच्या नाकातून कधी गेला नाही. वितळत्या मेणाचा, दमट लोकरीचा आणि खाली बसलेल्या शे-सव्वाशे पुरुषांच्या श्वासांचा वास.

त्या काळी लंडनच्या कॉमन्स सभेत, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, बायकांना पाय ठेवायची बंदी होती. पण सभागृहाला छत होतं, छताला मधोमध एक भोक होतं, आणि त्या भोकावर माळ्यात एक आठ बाजूंचं लाकडी धुराडं उभं केलेलं होतं. झुंबराची धग आणि सभासदांच्या बोलण्याची वाफ वर निघून जावी म्हणून. त्या धुराड्याच्या फळ्यांना फटी होत्या. ज्यांचे नवरे, बाप, भाऊ खाली बसायचे त्या बायका अंधारात चाचपडत जिना चढायच्या आणि एकेका फटीला डोळा लावून बसायच्या. घरी परतल्यावर मोलकरणी कुरकुरायच्या, कारण काजळीने हातमोजे वाया जात. शहाण्या बायका मोजे काढून बसत आणि हात काळे करून घेत.

वरून माणसांचे चेहरे दिसत नसत. दिसायच्या त्या हॅटी. सभासद हॅट घालूनच बसत, बोलायला उठताना तेवढी काढत. सभापतींचा केसांचा टोप तर वरून झोपलेल्या मेंढीसारखा दिसे. थिओडोसियाला आता प्रत्येक हॅटचा मालक ओळखू येत होता. डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकावरची, कडेला उसवलेली तपकिरी हॅट तिच्या भावाची होती.

ॲम्ब्रोज लिस्कॉम हा थॉर्नकोटच्या लॉर्डांचा थोरला मुलगा. सॉमरसेटच्या पाणथळ मुलखातली ही लहानशी सरदारकी. लंडनच्या बड्या घरांत थॉर्नकोट म्हटलं की लोक विचारायचे, ते कुठे आलं? ॲम्ब्रोज ज्या गावातून निवडून येई तिथे मतदार होते एकोणीस, आणि एकोणीसही लॉर्डसाहेबांच्या घरांतून भाड्याने राहणारे. तेविसाव्या वर्षी बापाने त्याला तिथून कॉमन्समध्ये बसवलं तेव्हा एकच अट घातली होती: बस, मत दे, पण तोंड उघडू नकोस. ॲम्ब्रोज लहानपणापासून तोतरा होता, आणि थॉर्नकोटच्या घराण्याला लोकांनी हसावं हे म्हाताऱ्याला सोसवलं नसतं. अकरा वर्षं ॲम्ब्रोजने ती अट पाळली. सभेतले लोक त्याला 'थॉर्नकोटचं कपाट' म्हणत. चांगल्या लाकडाचं, पण आतून आवाज नाही.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मात्र तो बोलणार होता.

प्रश्न हर्नमूरचा होता. हर्नमूर म्हणजे थॉर्नकोटच्या शेजारचं गायरान. दोन हजार एकर गवत, लव्हाळे आणि पाणी, कुणा एकाचं नसलेलं. शेजारचे जमीनदार सर जोसलिन ट्रेव्हिल यांनी त्याला कुंपण घालून ते वाटून घेण्याचं विधेयक आणलं होतं. वाटणीत मोठा हिस्सा अर्थात त्यांचाच. त्या गायरानाच्या कडेला चाळीस झोपड्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत टॅमसिन राहत होती.

लिस्कॉमांची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून दोन्ही मुलांना टॅमसिनने वाढवलं. म्हातारपणी ती आपल्या झोपडीत परतली होती. एक गाय, वीस-बावीस बदकं आणि हर्नमूरवरची चराई एवढ्यावर तिचं चालायचं. कुंपण पडलं की गाय जाणार, बदकं जाणार, आणि टॅमसिन गावच्या गरीबखान्यात जाणार. हे थिओडोसियाला ठाऊक होतं, ॲम्ब्रोजलाही.

सर जोसलिननी आपली माणसं चोख गोळा केली होती. तरी फरक दोन-तीन मतांचाच पडणार होता. त्यामुळे ॲम्ब्रोजचं एक मत म्हणजे पुष्कळ होतं.

आणि तिकडे घरी म्हातारे लॉर्डसाहेब अंथरुणाला खिळले होते.

त्या देशाचा रिवाज असा की, बाप जिवंत आहे तोवर लॉर्डाच्या मुलाने खालच्या सभेत बसावं, मतं द्यावीत. बापाने डोळे मिटले की मुलगा त्याच घटकेला लॉर्ड होतो आणि त्याची जागा वरच्या सभागृहात जाते. खालच्या सभेत मग तो परका. मध्ये एका दिवसाचीही सवलत नाही. मरणाची बातमी पोचली नसली तरी मरण झालेलंच असतं.

त्या सकाळी भाड्याच्या घरात न्याहारीला बसल्यावर ॲम्ब्रोजने भाजलेल्या पावाला हातही लावला नव्हता. तो बराच वेळ चहा ढवळत राहिला आणि मग खाली बघत म्हणाला, "थिओ, आज घरून पत्र आलं आणि लाख क... काळी असली, तर ते खाली पाठव. लगेच. मी बोलत असलो तरी."

"आणि मतदानाची वेळ आली असली तर?"

"मतदानाला दारं लावतात. त्याच्या आत पाठव."

मरणाची बातमी असली की तिकडे पत्राला काळी लाख लावत. तिने मान हलवली. ती म्हणाली की डॉक्टरने वसंतापर्यंत काळजी नाही असं सांगितलंय. तो म्हणाला, डॉक्टर आपल्या घरी जेवायला येतो, तो दुसरं काय सांगणार. आणि दोघं हसले. आई गेलेल्या घरात वाढलेली भावंडं अशा वेळी हसतात.

*

माळ्यावर त्या दिवशी दोघीच होत्या. थिओडोसिया आणि शेजारच्या फटीला खुद्द लेडी ट्रेव्हिल. लेडीसाहेब धिप्पाड, दिलदार आणि जिभेने तिखट. दोन्ही घरांचं जाणंयेणं होतं, त्यामुळे भांडण सभेत आणि माळ्यावर खाऊची पुडी अशातला प्रकार. त्यांनी खरोखरच आल्याचा पाक लावलेल्या वड्या आणल्या होत्या आणि अंधारात त्या थिओडोसियाच्या हातावर ठेवत होत्या.

"खा गं. तुझा भाऊ आज बोलणार म्हणे. मी घरी स्वयंपाकिणीला सांगितलंय, रात्रीचं जेवण लवकर मांडू नकोस म्हणून. तो 'सभापती' एवढा शब्द पुरा करेपर्यंत मटण थंड होईल."

थिओडोसियाने वडी चावली. खाली सर जोसलिन बोलायला उभे राहिले होते. तीनच वाजले होते, पण धुक्यामुळे झुंबर लावलेलं होतं आणि धग फटीतून गालावर येत होती.

तेवढ्यात मागे जिन्यावर जड पावलं वाजली. तिने वळून पाहिलं. दाराशी गिदियन उभा होता.

गिदियन थॉर्नकोटचा जुना गाडीवान. त्यानेच तिला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता आणि हॅट हातात होती. ती उठून त्याच्याजवळ गेली. त्याने कोटाच्या आतून पत्र काढलं. लाख काळी होती.

"कधी?" तिने विचारलं.

"काल पहाटे, बाईसाहेब. कोंबडा आरवायच्या आधी." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सहा घोडे बदलले. धाकट्या मालकांच्या हाती द्यायचं होतं... धाकटे कसले म्हणायचे आता."

तिला रडू यायला हवं होतं. नंतर आलं, पुष्कळ आलं. त्या घटकेला मात्र तिच्या डोक्यात एकच हिशेब उभा राहिला: काल पहाटे. म्हणजे तिचा ब्रोज आज सकाळी चहा ढवळत होता तेव्हाच लॉर्ड झालेला होता. खाली तिसऱ्या बाकावर बसलेली ती तपकिरी हॅट कॉमन्सची नव्हतीच.

आणि हे साऱ्या लंडनमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि गिदियनला.

तिने गिदियनला जिन्यात थांबायला सांगितलं, पत्र शालीखाली घेतलं आणि परत येऊन फटीशी बसली.

"घरचं पत्र का गं?" लेडी ट्रेव्हिलनी डोळा फटीवरून न काढता विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"बरे आहेत ना लॉर्डसाहेब?"

थिओडोसिया म्हणाली की गिदियन फार दमून आलाय. हे खोटं नव्हतं. पण तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

खाली सर जोसलिन झकास बोलत होते. हर्नमूर म्हणजे बेडकांचं राज्य, तिथले लोक आळशी, तिथे ओल्या हवेने पोरंसुद्धा हिरवी निपजतात, असं काही ते म्हणाले आणि हॅटी हसून हलल्या. तिने शालीखाली पत्र घट्ट धरलं होतं. तिला टॅमसिनचे हात दिसत होते, सांधे सुजलेले, बदकांना दाणे टाकताना थरथरणारे. एक मत. पत्र पाऊण तासाने पोचलं तर काय बिघडणार होतं? चिखलात घोडा अडकतो, पुलावर गाडी खोळंबते. गिदियन कुणाला बोलला नसता. ब्रोज तर कधीच विचारणार नव्हता. तो तिच्यावर विश्वास टाकून मोकळा झाला होता. आणि नेमकं तेच तिला टोचत होतं.

सर जोसलिन बसले. तिसऱ्या बाकावरची तपकिरी हॅट उचलली गेली, आणि तिच्याखालून भावाचं विरळ होत चाललेलं डोकं दिसलं.

"स... स... सभा..." ॲम्ब्रोज म्हणाला.

मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढीसारखं बें केलं. हशा पिकला. लेडी ट्रेव्हिल पुटपुटल्या, "मटण थंड." पण नंतर त्यांनीच जीभ चावली असावी, कारण त्या गप्प झाल्या.

ॲम्ब्रोज थांबला. लहानपणी थांबायचा तसा, पायांवर भार बदलत. मग तो पुन्हा पहिल्यापासून लागला. ते भाषण कुठे छापून आलं नाही. थिओडोसियाला त्यातलं जेवढं आठवत राहिलं तेवढंच उरलं.

तो म्हणाला की आपण इथे अकरा वर्षं गप्प बसलो, कारण आपल्याला बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक जागा अशी होती जिथे आपल्याला बोलता येई. आपण सात वर्षांचे असताना आपल्या दाईने आपल्याला हर्नमूरवर नेलं, बदकांच्या पुढे उभं केलं आणि सांगितलं, ह्यांच्याशी बोल, ह्यांना घाई नसते. आपण रोज जात असू. गायरानातल्या बायका लव्हाळे कापता कापता ऐकत आणि एकही हसत नसे. हे माझे शिक्षक, असं तो म्हणाला, आणि सन्माननीय सर जोसलिन ज्यांना आळशी म्हणतात ते हेच.

त्याला एकेका वाक्याला चढ चढल्यासारखं चढावं लागत होतं. 'कुंपण' हा शब्द त्याला तीनदा अडला. तिसऱ्या वेळी कुणीच हसलं नाही. वरून ते स्पष्ट दिसत होतं: हॅटी इकडेतिकडे वळायच्या थांबल्या होत्या. एक जाडे सभासद रोज दुपारी झोपत, त्यांची हॅट नेहमी छातीवर कललेली असे; ती सरळ झाली होती.

थिओडोसियाने आयुष्यात पुष्कळ मोठे वक्ते ऐकले, त्या आधी आणि नंतरही. पण एक माणूस आपल्या उघड्या दुबळेपणावर उभा राहून दुसऱ्यांसाठी भांडतो, हे तिने एकदाच पाहिलं. खाली तो घाम गाळून एकेक खरा शब्द वर ओढून काढत होता, आणि त्या सगळ्या खरेपणाखाली ती एकटी, शालीत मूठ दाबून, एक खोटं सरकवून ठेवत होती. उद्या कळल्यावर लोक म्हणाले असते, बाप मेला ते लपवून बदकांच्या गोष्टी सांगत होता. आणि ब्रोज तसाच मेला असता, मान खाली घालून.

ती उठली. जिन्यात गिदियन भिंतीला टेकून पेंगत होता. तिने पत्र त्याच्या हातात कोंबलं.

"दारवानाकडे दे. मिस्टर ॲम्ब्रोज लिस्कॉम यांना, आत्ता, असं सांग. पळ."

"मालक बोलतायत ना?"

"म्हणूनच पळ."

ती परत आली तेव्हा लेडी ट्रेव्हिलनी तिला जागा करून दिली. थोड्याच वेळात तिला खाली दाराशी पांढरा चौकोन दिसला. तो दारवानाच्या हातातून पहिल्या बाकावर गेला, तिथून दुसऱ्या, तिथून एकेका हाताने कडेकडेने सरकत तिसऱ्या बाकाकडे. तो जिथून जाई तिथली हॅट खाली वाके आणि मग वर होत नसे. शेवटी शेजारच्या माणसाने तो ॲम्ब्रोजच्या हातावर ठेवला.

ॲम्ब्रोज वाक्याच्या मध्यात होता. त्याने पत्राकडे पाहिलं, उलटं केलं, पुन्हा पाहिलं.

"सभापती महाराज," तो म्हणाला, "हे पत्र मी फोडलेलं नाही. फोडायची गरज नाही, ल... लाख काळी आहे. माझे व... वडील गेले. सॉमरसेटहून इथे घोडा यायला दीड दिवस लागतो. म्हणजे मी आज आत आलो तेव्हाच मी इथला नव्हतो. एका उपऱ्याने सभेचा वेळ घेतला. त्याला माफी असावी. त्याचं मत मोजू नये."

'वडील' या शब्दाला तो अडखळला, आणि शंभर माणसं तो शब्द पुरा होईपर्यंत वाट बघत बसली.

मग तो बाकांमधून बाहेर आला. सभागृहाच्या टोकाला एक पितळी दांडी होती, तिच्या अलीकडे परक्याने उभं राहायचं नाही असा दंडक. तो दांडीपलीकडे गेला, वळला, सभापतींना लवून नमस्कार केला आणि निघून गेला. उघड्या डोक्याने. त्याची तपकिरी हॅट बाकावरच राहिली होती.

लेडी ट्रेव्हिल म्हणाल्या, "वेडा आहे तुझा भाऊ." पण त्यांनी थिओडोसियाचा काळा हात आपल्या हातात घेतला होता आणि तो सोडत नव्हत्या.

सभापतींनी मत मागितलं. दारांना कुलपं लागली.

जुन्या सभेत मत द्यायची तऱ्हा अशी होती: ज्यांना नवं काही करायचंय त्यांनी उठून बाहेरच्या दालनात जायचं, ज्यांना आहे ते तसंच राहू द्यायचंय त्यांनी जागेवर बसून राहायचं. सर जोसलिन उठले. त्यांच्यामागे एकेक हॅट उठू लागली. थिओडोसियाने डोळे मिटले. उघडले तेव्हा शेवटचा माणूस दाराबाहेर जात होता, आणि खाली उठायला हव्या होत्या अशा कितीतरी हॅटी बसूनच होत्या. ते जाडे सभासद बसून होते, आणि ते तर सर जोसलिनच्या घरी पाहुणे म्हणून उतरले होते. मागच्या बाकावरचा मेंढीचा आवाज काढणाराही बसून होता, हॅट गुडघ्यावर धरून.

मोजणारा हातात काठी घेऊन बाकांमधून फिरला. काठी तिसऱ्या बाकावर आली, रिकाम्या जागेवरच्या तपकिरी हॅटशी क्षणभर थांबली आणि पुढे गेली. ती हॅट कुणी बाजूला केली नव्हती. कुणी तिच्या जागी सरकून बसलंही नव्हतं, बाकावर दाटी असून.

बाहेर गेलेले सत्तेचाळीस भरले. आत बसलेले त्रेपन्न.

*

सभागृहाला लागून असलेल्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या दालनात ॲम्ब्रोज खांबाशी उभा होता आणि गिदियन त्याच्यासमोर. थिओडोसिया धावत आली तेव्हा गिदियनने पहिल्यांदाच त्याला 'लॉर्डसाहेब' म्हटलं आणि लगेच दोघांचेही डोळे भरून आले. तिने मतांचा आकडा सांगितला. ॲम्ब्रोजने उघड्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझी हॅट आत राहिली." गिदियन ती आणायला गेला.

रात्रीच्या गाडीने ते घरी निघाले. बराच वेळ दोघं खिडकीबाहेर बघत होती. सांगून टाकावं म्हणून ती म्हणाली, "ब्रोज, ते पत्र..."

"वेळेत आलं," तो म्हणाला, आणि तिच्या गुडघ्यांवर पांघरूण नीट केलं.

हर्नमूरला त्यानंतर एकोणीस वर्षं मिळाली. टॅमसिन आपल्याच झोपडीत गेली, बाहेर बदकं ओरडत असताना. मग दुसऱ्या कुणी दुसरं विधेयक आणलं आणि कुंपण पडलंच. सर जोसलिन तोवर राहिले नव्हते. तो माळाही राहिला नव्हता. ते जुनं सभागृह एका रात्रीत जळून गेलं आणि फटीही गेल्या. थॉर्नकोटचे लॉर्ड ॲम्ब्रोज एकतीस वर्षं वरच्या सभागृहात बसले आणि तिथे एकदाही बोलले नाहीत. त्यांच्याविषयी कुठे लिहिलेलं सापडलंच तर दोन ओळी सापडतील, जन्म आणि मृत्यू धरून.

तो गेल्यावर त्याची कपाटं थिओडोसियाने आवरली. वरच्या खणात ती तपकिरी हॅट होती, कसर लागलेली, आणि तिच्या आत ते पत्र. लाख अजून अखंड होती. आतला मजकूर त्याने बाजूने कागद कापून वाचला होता. तिने पत्र उजेडात धरलं. पांढऱ्या पाठीवर काजळीचे डाग होते. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, कागद चुरगळेपर्यंत दाबलेला. हातोहात पुढे दिलेल्या पत्रावर असे डाग पडत नाहीत. असे डाग धरून ठेवलेल्या पत्रावर पडतात.

भर सभेत पत्र उलटंसुलटं करून त्याने हेच पाहिलं होतं.

थिओडोसिया खिडकीपाशी बसली. तिने आपला सुरकुतलेला हात त्या डागांवर ठेवला. बोटं बरोबर जिथल्या तिथे बसली.